सावलीवरून ओळख

गेल्या दिवाळीत घरी जमलेल्या मंडळींसमोर मी लॅपटॉपवर एक चित्र ठेवले. खाली नाव नव्हते, गाव नव्हते. एक पांढुरका चौरस, त्याच्या चार कोपऱ्यांत चार लहान गोल आणि मधोमध एक मोठा, डोळे दिपवणारा गोल. ‘कॅरम बोर्ड!’ भाचा म्हणाला. ‘मग राणी कुठाय?’ त्याच्या आजीने विचारले.

राणी होती, आणि अगदी मधोमधच होती. चित्र ताजमहालाचे होते. मुमताजमहलची कबर इमारतीच्या बरोबर मध्यरेषेवर आहे. नंतर तिच्या शेजारी आलेली शहाजहानची कबरच काय ती त्या तोलात बसत नाही. हे ऐकल्यावर सगळे पुन्हा स्क्रीनवर वाकले. मिठाईच्या डब्यापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत हजार वेळा पाहिलेली इमारत कुणालाही ओळखता आली नव्हती, याची थोडी खंतही वाटली असावी.

पण त्यात चूक कुणाचीच नाही. स्मारक बांधणारा ते जमिनीवर उभ्या असलेल्या माणसासाठी बांधतो. कुठून आत यायचे, कमानीतून पहिले दर्शन कसे घडायचे, सगळे त्या नजरेच्या हिशोबाने ठरते. उपग्रह त्या जागी कधी उभा राहत नाही. त्याला दिसते ते छप्पर. गच्चीवरून खाली पाहताना नुसत्या टाळूवरून माणूस ओळखायचा, तसला हा प्रकार. जमतो, पण सवय लागते. आणि गच्चीवरून पाहतानाही बऱ्याचदा माणसाआधी त्याची सावली ओळखू येते, तेच इथेही होते.

आधी हे चित्र तयार कसे होते ते पाहू. उपग्रहावर बसवलेला कॅमेरा खटका दाबून फोटो काढतो, अशी आपली समजूत असते, पण बहुतेकदा तसे होत नाही. पृथ्वीची चित्रे टिपणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत फिरतात. युरोपचे सेंटिनेल-2 हे उपग्रह 786 किलोमीटर उंचीवर आहेत, अमेरिकी वर्ल्डव्ह्यू-3 हा 617 किलोमीटरवर. मुंबईहून नागपूर विमानाने जितके लांब, साधारण तितकेच हे आपल्या डोक्यावर. त्यांच्याखालून जमीन सेकंदाला जवळजवळ 7 किलोमीटर या वेगाने सरकते. मुंबई ते पुणे हे अंतर वीस सेकंदही घेत नाही. उपग्रहात संवेदकांची एक लांबलचक ओळ असते. झेरॉक्सच्या यंत्रात दिव्याची पट्टी कागदाखालून सरकते तशी ही ओळ जमिनीवरून फिरत जाते आणि चित्र ओळीओळीने विणले जाते. अर्ध्या मीटर रुंदीची एक ओळ टिपायला तिला मिळतो सेकंदाचा सुमारे चौदा हजारावा भाग. एवढ्यात पुरेसा उजेड गोळा होत नाही. म्हणून चांगल्या उपग्रहांत संवेदकांच्या अनेक ओळी एकामागे एक लावतात. त्याच जागेचा उजेड त्या पाळीपाळीने टिपतात आणि शेवटी सगळ्यांची बेरीज होते.

विणण्याची उपमा मी उगीच वापरली नाही. दुसुतीच्या कापडावर भरतकाम केलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पिक्सेल वेगळा समजावून सांगायला नको. एका चौकटीत एक टाका, एका टाक्याला एकच रंग. चौकट मोठी असेल तर मोराचा पिसारा जमतो, डोळा जमत नाही. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रात एक चौकट 30 मीटरची असते. ताजमहालाचा पांढरा चौथरा सुमारे 95 मीटर लांब-रुंद आहे, म्हणजे लँडसॅटच्या कापडावर त्याला जेमतेम तीन टाके मिळतात. एक पांढरा डाग, बस. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची बाजू 230 मीटरची, त्याला सात-आठ टाके. सेंटिनेल-2 ची चौकट 10 मीटरची, त्यात ताजला नऊ-दहा टाके मिळतात. चौरस कळतो, मिनार कळत नाहीत. भारताने 1995 मध्ये आयआरएस-1सी सोडला तेव्हा त्याची कृष्णधवल चौकट 5.8 मीटरची होती आणि त्या काळी नागरी उपयोगाच्या उपग्रहांत ती सर्वांत बारीक होती. 27 नोव्हेंबर 2019 रोजी गेलेला आपला कार्टोसॅट-3 पाव मीटरच्या घरात पोहोचला. त्या कापडावर ताजच्या चौथऱ्याच्या एका बाजूला पावणेचारशे टाके पडतात. मिनारावरची छत्रीही त्यात स्वतंत्र दिसावी.

चीनची भिंत अवकाशातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, ही लोकप्रिय थाप इथेच फसते. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे हे खरे, पण रुंदीला ती काही मीटरच आहे आणि तिचा रंग आजूबाजूच्या मातीदगडाचाच आहे. केस कितीही लांब असला तरी दहा मजले वरून दिसत नाही. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई 2003 मध्ये परत आला तेव्हा आपल्याला भिंत दिसली नाही असे त्याने सांगून टाकले. इमानदार माणूस.

आता रंगांची गोष्ट. बारीक चौकटीचे चित्र मुळात कृष्णधवल असते. रंग वेगळे टिपले जातात आणि तेही जाडसर चौकटींत, कारण उजेडाचे तुकडे करून तांबडा, हिरवा, निळा वेगळा मोजायचा म्हटले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. वर्ल्डव्ह्यू-3 चे कृष्णधवल चित्र 31 सेंटिमीटरचे, तर रंगीत चित्र 1.24 मीटरचे. मग संगणक दोन्ही एकावर एक बसवतो. जुन्या फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने गाल गुलाबी आणि शालू हिरवा करत, तसेच हे. त्या फोटोंत रंग कधी ओठाबाहेर गेलेला असायचा. इथेही रंग कडेबाहेर सांडतो. चालत्या गाडीभोवती किंवा उडत्या विमानाभोवती तांबडी-निळी भुते दिसतात ती याचमुळे. दोन नोंदींमध्ये क्षणभराचे अंतर असते आणि तेवढ्यात विमान पुढे गेलेले असते. गडाच्या बुरुजाभोवती हिरवी झालर दिसली तर लगेच शेवाळ समजू नये, एवढेच.

आणखी एक खुलासा. गूगल अर्थमध्ये आपण ‘सॅटेलाइट’ म्हणून जे पाहतो ते सगळे उपग्रहाचे नसते. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या शहरांची अगदी जवळची चित्रे बरेचदा विमानातून काढलेली असतात. आणि ते थेट प्रक्षेपण तर नसतेच. वेगवेगळ्या तारखांचे तुकडे गोधडीसारखे जोडलेले असतात. कधी एखादा डोंगर अर्धा हिरवागार आणि अर्धा करडा दिसतो, मध्ये सरळ रेषा. ती गोधडीची शिवण.

आता सावलीकडे येऊ. सेंटिनेल-2 भारतावरून जातो तेव्हा खालच्या गावात सूर्यघड्याळाप्रमाणे साधारण साडेदहा वाजलेले असतात. लँडसॅटही सकाळी दहाच्या सुमारासच येतो. कक्षाच अशी निवडलेली असते की पृथ्वीवर जिथे जाईल तिथे साधारण तीच वेळ असावी. ऊन पुरेसे असते, दुपारचे ढग अजून जमलेले नसतात आणि सावल्याही अगदी आखडलेल्या नसतात. सकाळी सूर्य पूर्वेकडे आणि आपल्याकडे वर्षाचा बराच काळ दक्षिणेला झुकलेला. म्हणून भारतातल्या, तशाच पॅरिस किंवा वॉशिंग्टनच्याही, बहुतेक चित्रांत सावली वायव्येला पडलेली दिसते. रिओ द जानेरोत डोंगरावर हात पसरून उभा असलेला ख्रिस्ताचा पुतळा पाहा. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे सकाळची सावली बहुधा नैर्ऋत्येला पडते. पुतळा स्वतः वरून आखूड क्रूसासारखा दिसतो. खालच्या उतारावर पडलेली सावली मात्र तो कोण आहे ते स्पष्ट सांगते.

सावली उंचीही सांगते, आणि शाळेतल्या भूमितीने ते काम भागते. सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर आहे ते कळले की सावलीची लांबी गुणिले त्या कोनाचा टॅन, झाली उंची. दिल्लीचा कुतुबमिनार 72.5 मीटर उंच आहे. 21 डिसेंबरला सूर्यघड्याळाच्या साडेदहाला दिल्लीत सूर्य सुमारे 34 अंशांवर असतो. त्या वेळी कुतुबची सावली पडेल सुमारे 108 मीटर, म्हणजे मिनाराच्या दीडपट, आणि तिचा रोख उत्तरेकडे, थोडा पश्चिमेला. तोच मिनार 21 जूनला त्याच वेळी पाहा. सूर्य 69 अंशांवर, सावली आखडून 28 मीटरच्या आत आणि जवळजवळ सरळ पश्चिमेला. त्यामुळे चित्राखाली तारीख नसली तरी ऋतू कळतो. मोजताना दोन पथ्ये पाळावीत. सावली सपाट जमिनीवर पडलेली हवी. उतारावर ती ताणते किंवा आखडते. आणि सावलीचे टोक नेमके सापडत नाही, कारण सूर्य बिंदू नसून थाळी आहे. कुतुबच्या डिसेंबरातल्या सावलीचे टोक चांगले दोन मीटर धूसर असते. त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरावा.

गुजरातेत साधू बेटावरचा सरदार पटेलांचा 182 मीटर उंच पुतळा वरून नुसती टाळू दिसत असल्याने फार निराश करतो. जगातला सर्वांत उंच पुतळा, आणि बरोबर डोक्यावरून एक करडा ठिपका. लोकार्पणानंतर, नोव्हेंबर 2018 मध्ये, प्लॅनेट या कंपनीने त्याचे उपग्रहातून घेतलेले चित्र प्रसिद्ध केले तेव्हा मात्र पुतळा ओळखू येत होता, आणि ते चित्र खूप गाजले. युक्ती एवढीच की उपग्रह पुतळ्याच्या डोक्यावर नव्हता. बाजूने तिरपा पाहत होता.

हा तिरपेपणा नीट समजून घ्यायला हवा, कारण नवखा माणूस सर्वांत जास्त इथे गोंधळतो. उपग्रह आपल्याला हव्या त्या जागेच्या बरोबर वरून क्वचितच जातो. तो मान वळवून पाहतो. मान वळवली की उंच वस्तूचा माथा पायथ्यापासून बाजूला सरकलेला दिसतो. आयफेल टॉवर 330 मीटर उंच. उपग्रहाने 20 अंश तिरपे पाहिले तर त्याचे टोक पायथ्यापासून सुमारे 120 मीटर दूर पडेल, आणि टॉवरचा पाया आहे 125 मीटरचा चौरस. म्हणजे टोक पायाच्याही बाहेर. हा टॉवर लोखंडी जाळीचा असल्याने त्यातून खालची जमीनही दिसते, आणि शेजारीच त्याची सावलीही पसरलेली असते. एका टॉवरचे दोन टॉवर. कोणता खरा? जो रंगीत आहे, ज्यावर उजेडाची बाजू आणि अंधाराची बाजू आहे, तो टॉवर. जो नुसता काळा आहे ती सावली. दोघांचे पाय एकाच ठिकाणी असतात. आणि खरी जागा तीच; नकाशावर खूण करायची तर नेहमी पायथ्याशी करावी.

संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहायची सोय आहे. ती पट्टी मागे-पुढे सरकवली की ताजचे चारही मिनार एका वर्षी डावीकडे झुकतात, दुसऱ्या वर्षी उजवीकडे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला क्षणभर धसकाच बसला होता. मिनार जागच्या जागी आहेत, उपग्रहाची मान वेगळ्या बाजूला होती. या झुकण्याचा फायदाही आहे, कारण त्यातूनच इमारतीची थोडीशी दर्शनी बाजू दिसते. ताजचा दरवाजा असलेली बाजू दक्षिणेची. माथे उत्तरेकडे सरकलेले असतील अशी तारीख निवडा, ती कमान डोळ्यांत भरेल.

मराठी वाचक हे सगळे वाचताना मनात एव्हाना रायगडावर पोचला असेल. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले 11 महाराष्ट्रात आणि एक तमिळनाडूतला जिंजी. हे किल्ले उपग्रहचित्रात पाहणे हा ताजमहाल पाहण्यापेक्षा अवघड आणि, माझ्या मते, जास्त गोडीचा उद्योग आहे.

पहिली अडचण डोळ्यांची. रायगडाचे चित्र उघडले की बऱ्याच जणांना गड खड्ड्यासारखा दिसतो आणि भोवतालच्या दऱ्या उंचवट्यासारख्या. चित्रात दोष नाही. आपल्या डोळ्यांना जन्मापासून उजेड वरून येण्याची सवय. कागदावरच्या चित्रातही मेंदू उजेड वरच्या बाजूने येतो असेच धरतो. पण चित्रात उत्तर वर असते आणि सूर्य आग्नेयेला, म्हणजे उजेड खालून येतो. मेंदू हट्ट सोडत नाही आणि डोंगराची दरी करतो. उपाय गमतीचा आहे: चित्र उलटे करा, दक्षिण वर घ्या. सावल्या खाली पडू लागल्या की गड टचकन वर येतो. एकदा वर आला की पुन्हा सरळ केल्यावरही बहुधा वरच राहतो. ‘पाणी असते तो सखल भाग’ ही खूण मात्र इथे वापरू नका. रायगडाचा गंगासागर तलाव गडमाथ्यावरच आहे.

दुसरी अडचण कड्यांची. गूगल अर्थमध्ये चित्र आडवे कलते करून टकमक टोकाकडे पाहिले तर कडा मेणासारखा वितळून ओघळल्यागत दिसतो. त्याचे कारण वर येऊन गेले आहे. सरळ उभ्या कड्याला वरून जागाच नसते. शंभर मीटरचा कडा वरून पाहिला तर दोन-चार टाक्यांत संपतो. मग संगणक उंचीच्या नकाशावर ते चित्र पांघरतो, तेव्हा ते दोन-चार टाके शंभर मीटर ताणले जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा रौद्रपणा त्यामुळे उपग्रहचित्रात उतरत नाही. तिथे पोटावर झोपून डोके बाहेर काढून पाहिलेल्या माणसाला हे चित्र दाखवू नये, तो हसेल.

तिसरी अडचण दगडाची. ताज संगमरवरी, लाल दगडाच्या आणि हिरवळीच्या मध्ये. तो इतका चमकतो की कधी कधी घुमटाच्या उजेडाने संवेदक भरून जातो आणि सगळे बारकावे पांढऱ्यात बुडतात. सह्याद्रीतल्या किल्ल्याची तटबंदी मात्र ज्या काळ्या कातळावर उभी, त्याच कातळाची. रंगावरून काहीच कळत नाही. इथे रेघ शोधावी लागते. डोंगर सरळ रेघ मारत नाही आणि समांतर रेघा तर जवळजवळ कधीच मारत नाही. रायगडावरची बाजारपेठ म्हणूनच पटकन सापडते: जोत्यांच्या दोन समांतर ओळी, मध्ये रुंद रस्ता. ती सापडली की राजवाड्याचा परिसर आणि जगदीश्वराचे मंदिर तिच्या आधाराने हुडकता येते. राजगड ओळखायला तर रेघही लागत नाही, आकारच पुरतो. मध्ये बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या फाकलेल्या. लोहगडाचा विंचूकाटा वरून पाहावा; ज्याने हे नाव ठेवले त्याला उपग्रहाची गरज पडली नव्हती, शेजारच्या उंच माथ्यावरूनच नांगी दिसली असणार.

तारीखही निवडावी लागते. जून ते सप्टेंबर ढगच ढग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतल्यासारखी स्वच्छ, पण कमरेएवढे गवत जोती झाकून टाकते. माझी निवड फेब्रुवारी ते एप्रिल. गवत वाळलेले, बराच भाग वणव्यात जळालेला, उघडी जमीन, आणि जोत्यांच्या चौकटी हाडांसारख्या वर आलेल्या. फार उशीर केला तर मेमध्ये धुरकट हवा चित्र मळवते.

जलदुर्गांचे वेगळेच. मालवणजवळ कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग 1664 ते 1667 या काळात उभा राहिला. त्याचा नागमोडी तट समुद्राच्या पार्श्वभूमीवर इतका ठळक दिसतो की पोरही बोट ठेवील. पण दरवाजा शोधायला सांगा, वेळ लागेल. तो बुरुजांच्या आड वळवून लपवलेला आहे. होडीतून येणाऱ्या शत्रूला जवळ येईपर्यंत दिसू नये म्हणून. वरून मात्र ते वळण सरळ उघडे पडते. किल्ला बांधणाऱ्यांनी चारही दिशांचा विचार केला होता, पाचवी दिशा आकाशाची. तिकडून कुणी पाहील असे त्या काळी कोणाच्या मनात यायचे कारण नव्हते.

वरून उघडे पडण्याचा याहून सुंदर दाखला पुन्हा आग्र्यातच आहे. मोगलांच्या चारबागेत कबर सहसा बागेच्या मध्यावर असते. दिल्लीत हुमायूनची तशीच आहे. ताज मात्र बागेच्या उत्तर टोकाला, यमुनेच्या काठावर. जमिनीवरून याचा उलगडा होत नाही. चित्र थोडे लहान करा, म्हणजे नदीपलीकडचा तीर दिसू लागेल. तिथे ताजच्या बरोबर समोर, त्याच अक्षावर, त्याच रुंदीचा एक चौकोन आहे: मेहताब बाग. दोन्ही मिळून एक बाग धरली की ताज कडेला राहत नाही, मध्यभागी येतो, आणि यमुना त्या बागेचा आडवा पाट होऊन जाते. पलीकडे काळा ताज बांधायचा होता, ही दंतकथा पर्यटकांना अजून सांगितली जाते. 1990 च्या दशकातल्या उत्खननात तिथे सापडली ती बाग आणि तिच्यातला अष्टकोनी तलाव, ज्यात चांदण्या रात्री ताजचे प्रतिबिंब पडावे. मापनपट्टीचे साधन घेऊन ताजच्या मध्यातून उत्तरेकडे रेघ ओढा आणि स्वतः पाहा.

अशीच रेघ वॉशिंग्टनमध्येही ओढता येते. व्हिएतनाम युद्धात मरण पावलेल्या अमेरिकी सैनिकांचे स्मारक माया लिन हिने आखले, ती तेव्हा अजून शिकत होती. 1982 मध्ये ते झाले. जमिनीत उतरलेल्या दोन काळ्या भिंती, प्रत्येकी सुमारे 75 मीटर, 125 अंशांच्या कोनात जोडलेल्या. हिरवळीच्या मागच्या बाजूने चालत आलात तर पायाशी येईपर्यंत ते दिसत नाही. वरून मात्र हिरव्या कागदावर काळ्या शाईने मारलेली खूण. एक भुजा वाढवली की ती 169 मीटर उंच वॉशिंग्टन स्मारकाला जाऊन मिळते, दुसरी लिंकन स्मारकाला. पाहायला गेलेल्या माणसाला हे सांगावे लागते. चित्र पाहणाऱ्याला पट्टी पुरते.

जुन्या तारखांच्या पट्टीचा उल्लेख वर आलाच आहे. ती पट्टी पॅरिसच्या नोत्र-दामवर फिरवून पाहावी. 15 एप्रिल 2019 आधी क्रूसाच्या आकाराचे करडे छप्पर आणि मधल्या मनोऱ्याची सुईसारखी सावली. त्यानंतर छप्पर नाही, सुई नाही, काळे भगदाड. मग कित्येक वर्षे परांच्यांची आणि क्रेनची जाळी, आणि डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडेपर्यंत छप्परही परत, सावलीही परत. सिरियातल्या पाल्मिराला असे परत काही आले नाही. ऑगस्ट 2015 मध्ये तिथले बेलचे मंदिर स्फोटाने पाडल्याच्या बातम्या आल्या, पण तिथे जाऊन पाहणे कोणाला शक्य नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या उपग्रहचित्र विभागाने काही दिवसांच्या अंतराची दोन चित्रे शेजारी ठेवली. पहिल्यात मंदिराचा आयत आणि त्याची सावली. दुसऱ्यात मलब्याचा फिकट डाग. प्रवेशाची कमान तेवढी उभी राहिली होती.

याही मागे जायचे तर हेरगिरीच्या फिती आहेत. अमेरिकेचे कोरोना उपग्रह 1960 ते 1972 या काळात फिल्मवर चित्रे काढत. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडली जाई आणि विमान तिला हवेतच आकड्याने पकडे. सिनेमात दाखवले तर आपण हसू, पण हे खरोखर चालत होते. 1995 मध्ये ती 8 लाखांहून जास्त चित्रे खुली झाली. युफ्रेटिस नदीकाठची जी प्राचीन टेकाडे पुढे धरणांखाली गेली, ती पुरातत्त्वाचे अभ्यासक आज त्यांत शोधतात.

पावसाळ्याचे काय, असा प्रश्न कोकणातला माणूस विचारणारच. त्यासाठी रडार. सेंटिनेल-1 सारखे उपग्रह स्वतःच सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतात आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकतात. ढगाला त्या जुमानत नाहीत, रात्रीलाही नाही. पण रडार कोनाने पाहत नाही, अंतराने पाहते. बाजूने पाहणाऱ्या रडारला मनोऱ्याचे टोक पायथ्यापेक्षा जवळ, म्हणून टोकाचा प्रतिध्वनी आधी येतो आणि टोक रडारच्या दिशेने आडवे पडलेले दिसते. साध्या चित्रात इमारत उपग्रहापासून दूर झुकते, इथे त्याच्याकडे. डोळ्यांना हे चित्र रुचत नाही. स्मारक दरवर्षी काही मिलिमीटर खचते आहे का, हे शोधायला मात्र त्याच्या तोडीचे दुसरे साधन क्वचितच असेल.

शेवटी एक खेळ. जयपूरचे जंतरमंतर उघडा आणि सम्राट यंत्र शोधा. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे 27 मीटर उंच दगडी सूर्यघड्याळ. वरून दिसते ती नेमकी उत्तर-दक्षिण धावणारी एक पातळ भिंत आणि तिच्या पूर्वेला व पश्चिमेला वर वळत गेलेले दोन पंख. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून भिंतीची सावली पश्चिमेच्या पंखावर पडते. पंखाच्या वरच्या टोकाला सकाळचे 6, भिंतीलगत पायाशी 12. सावलीची कड ताशी सुमारे 4 मीटर सरकते, म्हणजे अर्ध्या मीटरच्या एका टाक्यात आठ-एक मिनिटे मावतात. गूगल चित्राची तारीख छापते, वेळ छापत नाही. ती इथे दगडावर वाचता येते. सावली पंखाच्या पायापासून चतुर्थांश वर असेल तर सूर्यघड्याळात साडेदहा. जयपूर आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून जवळजवळ पावणेसात अंश पश्चिमेला, त्याची 27 मिनिटे मिळवा. चित्र फेब्रुवारीच्या मध्यातले असेल तर सूर्य आणखी 14 मिनिटे मागे असतो, तीही मिळवा. उपग्रह डोक्यावरून गेला तेव्हा खाली अंगणात उभ्या असलेल्या पर्यटकाच्या मनगटावर 11 वाजून 11 मिनिटे झाली होती.